भागिले दहा

आमच्या स्टाफरूममध्ये एका माणसाच्या बोलण्याला दहाने भागण्याची पद्धत होती, आणि ती पद्धत मी सुरू केली. हे वाक्य मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. पुढे कुठेतरी लिहू असे ठरवले तर मी ते लिहिणार नाही, एवढी माझी मला ओळख आहे.

तो माणूस म्हणजे धुळ्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातले गणिताचे सर. त्यांनी मला अकरावी-बारावीला शिकवले. पुढे मी त्याच विभागात रुजू झालो आणि चौदा वर्षे त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. ते मला शेवटपर्यंत ‘तू’ म्हणाले, मी त्यांना ‘सर’. खुर्च्या शेजारी आल्या म्हणून आमच्यातले अंतर कमी झाले नाही, आणि ते वाढवण्याचे काम नंतर मी केले.

सर बोलताना काहीच जसेच्या तसे सांगत नसत. साक्रीच्या बाजूला त्यांचे गाव. तिथल्या बाजरीचे कणीस रस्त्यावर आडवे पडले तर एस.टी. थांबवून कंडक्टरला खाली उतरावे लागे. दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात एक पोते फुटले की स्टेशनवरून सुटलेली गाडी पुढची चार स्टेशने शिंकत जाई. मे महिन्यात धुळ्याच्या रस्त्यावरचे डांबर वितळून वाहत वाहत पांझरेला मिळे आणि नदी तेवढ्यापुरती भरलेली दिसे. असे काही सांगून झाले की ते खडूची भुकटी झटकत म्हणत, “बठ्ठं खरं शे, भाऊ,” म्हणजे सगळे खरे आहे. पुस्तक इंग्रजी, शिकवणे मराठी आणि शपथ घेणे अहिराणीत, अशी त्यांची वाटणी होती.

हाच माणूस फळ्यापाशी गेला की सोनाराचा काटा होई. उत्तरात एकक लिहायचे राहिले तर पाव गुण कापत. ‘साधारण’ हा शब्द त्यांच्या वर्गात उच्चारायला बंदी होती. “साधारण म्हणजे किती?” असे विचारून ते गप्प उभे राहत आणि समोरचा मुलगा घामाघूम होऊन एखादा आकडा बोलेपर्यंत हलत नसत. उत्तरपत्रिकेत त्यांनी कुणाला कधी दयेचा गुण दिला नाही. या दोन माणसांचा मेळ कसा घालायचा हे आम्हाला कधी कळले नाही. खरे सांगायचे तर आम्ही तो घालायला बसलोच नाही. एकाला भ्यायचो आणि दुसऱ्याला हसायचो. दोन्ही सोपे होते.

वर्षातून एक दिवस मात्र ही दोन्ही माणसे एकाच वेळी वर्गात येत. तो अपास्ताचा दिवस. शंकूचे छेद शिकवताना विवृत्त झाले, अन्वस्त झाले की शेवटी अपास्त येई. सर दोन्ही हातांत दोन खडू घेत, फळ्याच्या मधोमध आमच्याकडे पाठ करून उभे राहत आणि डाव्या-उजव्या हाताने त्या वक्राच्या दोन्ही फांद्या एकाच वेळी काढत. एकमेकींकडे पाठ करून दूर दूर जाणाऱ्या त्या दोन फांद्यांच्या मध्ये ते उभे असत. रेघ कुठे थरथरत नसे. मग मागे वळून, मान किंचित उजवीकडे वळवण्याच्या त्यांच्या सवयीप्रमाणे, सगळा वर्ग डाव्या डोळ्याच्या टप्प्यात घेत ते विचारत, “याला इंग्रजीत काय म्हणतात?”

“हायपरबोला.”

“आणि अतिशयोक्तीला?”

एखादी भाषेत हुशार असलेली मुलगी सांगे, “हायपरबोली.”

“ग्रीक लोकांकडे दोन्हीला एकच शब्द होता. का?”

पुढची दहा मिनिटे गणित बाजूला राही. त्या शब्दाचा अर्थ ‘पलीकडे फेकणे’, असे सर सांगत. जुन्या ग्रीक भूमितीकाराने एका चौरसाची एका आयताशी तुलना केली. “कमी पडला ते विवृत्त. बेताचा बसला ते अन्वस्त. ओसंडला ते अपास्त. मापाच्या पलीकडे गेलं म्हणून त्या वक्राला ते नाव. आणि बोलणं मापाच्या पलीकडे गेलं की त्यालाही तेच नाव. आपल्याकडे ज्यानं अपास्त हा शब्द बसवला, त्यानंही संस्कृतातला फेकण्याचाच धातू शोधून काढला. ज्या धातूपासून अस्त्र, त्याच धातूपासून अपास्त. शस्त्र हातात धरतात, अस्त्र फेकतात. अतिशयोक्ती हा शब्द त्यापुढे फार गरीब आहे. नुसतं जास्त बोलणं! त्यात हात कुठे हलतो?”

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणे, “सर फेकतात.”

सर खुलत. “शंभरपैकी शंभर! बघा, जे ग्रीकांना कळलं ते आपल्या बसस्टँडवरच्या माणसाला न शिकता कळतं. फेकतो म्हणजे काय? वस्तू इथं, शब्द तिथं. मधलं अंतर माणसाच्या मनगटातलं.”

मग ते त्या वक्राचा सर्वांत साधा प्रकार फळ्यावर मांडत: दोन संख्या, ज्यांचा गुणाकार बदलत नाही. “पातेलंभर चहा आहे. पाहुणे वाढले की प्रत्येकाचा कप उणा. पाहुणे घटले की कप भरलेला. एक वाढेल तसा दुसरा घटेल. दोघांना जोडणारी रेघ सरळ नसते, अशी वाकते. परीक्षेत इथं सरळ रेघ काढणारा दरवर्षी एक तरी निघतो. तो मला फार आवडतो. त्याचा पेपर लवकर तपासून होतो.”

हे मी विद्यार्थी म्हणून दोन वर्षे ऐकले आणि सहकारी म्हणून शेजारच्या वर्गातून चौदा वर्षे. तरी सरळ रेघ काढणारा मीच निघालो.

माझ्या नोकरीचे ते पहिले वर्ष होते. दुपारच्या चहाला सर आले आणि म्हणाले, “आज एस.टी.त पाचशे माणसं. माझा एक पाय गाडीत होता, दुसरा अजून साक्रीच्या स्टँडवर.” एवढे सांगून ते तासाला गेले. मी कप हातात धरून म्हणालो, “भागिले दहा करा. पन्नास. बरोबर बसतं.” रसायनशास्त्राच्या मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. नव्या माणसाला पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये जागा करून घ्यायची असते. मला त्या दिवशी ती मिळाली. ती कुणाच्या जागेतून काढून दिली गेली, हे मी पाहिले नाही.

मग तो रिवाजच झाला. सर काही बोलले की कुणीतरी पुटपुटे, “भागिले दहा.” आश्चर्य असे, की काही आठवड्यांतच उत्तर अगदी नेमके येऊ लागले. सर म्हणाले, “आज वर्गात चारशे वीस पोरं”, तर हजेरी बेचाळीस निघे. मॅडम म्हणत, “अहो, तुमचं सूत्र सिद्ध झालं की!” मी नम्रपणे मान लववत असे. सूत्र इतके बिनचूक लागू पडावे याची गणिताच्या माणसाला शंका यायला हवी होती. मला अभिमान वाटला.

त्यांच्या उजव्या डोळ्याची गोष्टही आम्ही अशीच भागून टाकली होती. तो डोळा लहानपणी कसा गेला हे ते दर वर्षी नव्याने सांगत. एकदा गिधाडाने झडप घातली होती. एकदा अंगावर पडता पडता वीज चुकली होती. एकदा संक्रांतीच्या पतंगाने त्यांना डोळ्यात अडकवून अर्धा डोंगर वर नेले होते. शेवट मात्र दर वेळी तोच असे: “तेव्हापासून या डोळ्याला नुसता उजेड कळतो. अक्षर कळत नाही.” आम्ही गिधाडाला दहाने भागले, विजेला भागले आणि त्याच झपाट्यात शेवटच्या वाक्यालाही भागून टाकले. चष्म्याचा नंबर जरा जास्त असेल, असे उत्तर आले. मान उजवीकडे वळवून चालण्याची त्यांची लकब मी एका स्नेहसंमेलनात करूनही दाखवली होती. टाळ्या पडल्या होत्या. सर पुढच्या रांगेत होते. त्यांनीही वाजवल्या.

अधूनमधून त्यांचे बोलणे अचानक लहान होई. एकदा त्यांनी रजेचा अर्ज दिला: ‘घरी थोडे काम आहे.’ एवढेच. त्या ‘थोड्या’ला दहाने भागले तर ते काम केवढे उरते, यावर आमचा एक पूर्ण चहा रंगला. कुणी म्हणाले कुलूप बदलायचे असेल, कुणी म्हणाले नख काढायचे असेल. पंधरा दिवसांनी सर परत आले ते डोक्याचे मुंडण केलेले. वडील गेले होते. त्या दिवशी कुणी भागाकार केला नाही. दुसऱ्या दिवशी सरांनीच साक्रीच्या बाजरीची गोष्ट काढली आणि आम्हा सगळ्यांना हायसे वाटले.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणाचा मान माझ्याकडे आला. मी म्हणालो, “सरांनी छत्तीस वर्षे सेवा केली असे म्हणतात. आपल्या नेहमीच्या सूत्राने पाहिले तर ती साडेतीन वर्षांहून थोडी जास्त भरते.” सभागृह हसून कोसळले. प्राचार्य डोळे पुसत होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उत्तरादाखल ते उठले तेव्हा आम्ही बाजरीच्या तयारीने सरसावून बसलो. ते म्हणाले, “मुलं चांगली मिळाली. आभारी आहे.” आणि बसले. भाषण फसले, असे परतताना आमचे मत पडले.

दोन बिंदू माझ्या हातात होते: रजेचा अर्ज आणि निरोपाचे भाषण. दोन बिंदूंवरून वक्र ओळखता येत नाही, हे मी दरवर्षी मुलांना सांगतो. तिसरा बिंदू मिळाला तो दोन वर्षांपूर्वी.

तोपर्यंत आमची स्टाफरूम मोबाइलमध्ये आली होती. आजी-माजी शिक्षकांच्या ग्रुपवर सर लांबलचक निरोप टाकत आणि खाली कुणी ना कुणी भागाकाराचे चिन्ह टाकी. नुसते चिन्ह. नव्या शिक्षकांना त्याचे मूळही ठाऊक नव्हते. त्यांनी ते चालीरीतीसारखे उचलले होते.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या होत्या. सर घरी एकटे. त्यांचा फोन आला.

“मोकळा असशील तर रविवारी जळगावला येतोस का? तिथं माझे डोळ्यांचे डॉक्टर आहेत. डाव्या डोळ्यापुढे जरा ठिपके येतायत. घाई काही नाही.”

“बघतो सर,” मी म्हणालो.

फोन ठेवताना मी भागाकार केला. ‘जरा’ला दहाने भागले. काहीच उरले नाही.

त्या रविवारी मी कामात होतो, असे मी पुढे बऱ्याच लोकांना सांगितले. त्या रविवारी मी पत्नीबरोबर सोफ्याची कव्हरे बघायला गेलो होतो. आम्ही चार दुकाने पाहिली आणि कव्हरे घेतलीही नाहीत.

आठवड्याने पुन्हा फोन. “कोपऱ्यात थोडं पडद्यासारखं वाटतं. तुझ्या सवडीनं बघ.” मी म्हणालो, प्रात्यक्षिक परीक्षा चालू आहेत. त्या चालू होत्या. माझ्या विषयाची प्रात्यक्षिके नसतात, हे सरांना माझ्यापेक्षा आधीपासून ठाऊक होते. ते म्हणाले, “हो, हो. परीक्षा आधी.”

तिसऱ्या आठवड्यात काकू परतल्या आणि तासाभरात त्यांचा फोन आला. काकू माहेरच्या पहूरच्या. बोलणे मोजके, त्यात विशेषण शोधून सापडत नाही. “गाडी घेऊन या. आत्ता. ते चहा बशीच्या बाहेर ओततायत.”

धुळ्याहून जळगावला जाताना सर पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते. एकदा त्यांनी विचारले, “पारोळा आलं का?” पारोळ्याची मोठी पाटी आमच्या अगदी समोर होती. मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, “आलं.” त्यानंतर एरंडोलच्या पाटीला त्यांनी न विचारताच सांगितले, “एरंडोल.”

डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यात पाहिले. मग विचारले, “किती दिवस झाले?”

“झाले असतील थोडे,” सर म्हणाले.

“एकवीस,” काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. “तुम्ही मुलगा का?”

“विद्यार्थी.”

“मग आणायचं होतं ना लवकर. पडदा सुटलाय. पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं. उजवा तर लहानपणापासून निकामीच आहे. चालायला यांना एवढा एकच डोळा होता.”

उजवा निकामी आहे हे त्यांनी जुन्या कागदावरून वाचले. कारणापुढे लिहिले होते: विटी लागून. गिधाड नाही, वीज नाही. विटी. त्या सगळ्या गोष्टींत एकच वाक्य भागायचे नव्हते आणि आम्ही नेमके ते सोडले नव्हते.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. पट्टी काढल्यावर डॉक्टर म्हणाले, “उजेड राहील. अक्षर राहणार नाही.” सर हसले. म्हणाले, “म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झाल्या. आकृती सममित आली.” काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मी खिडकीतून जळगावचे ऊन बघत राहिलो.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्याकडे जातो. लोक त्याला गुरुभक्ती म्हणतात आणि मी त्यांना थांबवत नाही, हेही माझ्या हिशेबात धरावे. मी वर्तमानपत्र वाचून दाखवतो. तापमानाची बातमी आली की ते विचारतात, “अंश किती?” मी म्हणतो, “साधारण त्रेचाळीस.” ते म्हणतात, “साधारण म्हणजे किती?”

ग्रुपवरचे चिन्ह मी बंद करवले. कारण सांगितले नाही. सर आजारी आहेत, बरे दिसत नाही, एवढेच लिहिले. लोकांना ते पटले. पण ज्याला सांगायला हवे होते त्याला सांगायला मला दीड वर्ष लागले.

ती रविवारची सकाळ होती. सर दारापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. काकू आत चहा करत होत्या.

“सर, एक सांगायचं आहे.”

“सांग. थोडक्यात सांग, चहा येतोय.”

“ते भागिले दहा. ते मी सुरू केलं होतं.”

“माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“तूच. डस्टर विसरलो होतो म्हणून परत आलो, तर तू कप हातात घेऊन व्याख्यान देत होतास.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणार होतो. पण अकरावीपासून तुला पाहत होतो, आणि स्वतःहून गणित वापरताना पहिल्यांदाच पाहिलं. विद्यार्थ्याला मध्येच अडवू नये.”

मी हसलो नाही. मी पाठ करून आलो होतो, ते म्हणायला लागलो. म्हणालो, सर, माझी चूक भागाकाराची नव्हती, रेघेची होती. तुमच्या बोलण्याचा आणि घडलेल्या गोष्टीचा संबंध सरळ रेघेचा आहे असे मी धरले. तो अपास्ताचा होता. गोष्ट जेवढी लहान तेवढे तुमचे बोलणे मोठे. बाजरी, एस.टी., ऊन. गोष्ट मोठी झाली की बोलणे लहान. वडील गेले तेव्हा ‘थोडे काम’. छत्तीस वर्षांना दोन वाक्ये. डोळा जात होता तेव्हा ‘जरा ठिपके’. गुणाकार तेवढाच राहत होता. हे तुम्हीच शिकवले होते आणि मला ते उत्तरपत्रिकेपलीकडे कधी दिसले नाही.

सरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “अर्धा गुण.”

“अर्धाच?”

“आकृती बरोबर. कारण चूक.” ते खुर्चीत सावरून बसले. “तुम्ही सगळे भागताय हे कळल्यावर मी काय करायचं, सांग. बेचाळीस पोरं होती म्हटलं असतं तर तुम्ही चार धरली असती. म्हणून चारशे वीस. तुमच्यापर्यंत बेचाळीस पोचावीत म्हणून. आधीही फेकायचो मी, नाही असं नाही. पण मनाला येईल तसं. कधी तिप्पट, कधी वीसपट. नेमकं दहापट तुझ्यामुळे. माझ्या फेकण्याला तू शिस्त लावलीस.”

हजेरीतले ते बेचाळीस माझ्या डोळ्यांपुढे आले. सूत्र सिद्ध झाले नव्हते. एक माणूस रोज सकाळी उठून ते खरे करून देत होता, आमच्याशी बोलता यावे म्हणून.

“मग डोळ्याच्या वेळी?” मी विचारले. “तेव्हा का नाही गुणलंत? दहापट नको, दुप्पट तरी म्हणायचं होतं. मी आलो असतो, सर.”

हे म्हणताना माझा आवाज चढला होता, हे मला नंतर जाणवले. क्षमा मागायला आलेला माणूस जाब विचारू लागला होता.

सर खुर्चीच्या हातावर बोट फिरवत राहिले, फळ्यावर फिरवत तसे, एका वळणाने दूर नेत.

“भीती वाटली होती रे,” ते म्हणाले. “भीती वाटली की गुणाकार होत नाही. तोंडातून मूळ आकडासुद्धा पुरा निघत नाही.”

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी कप सरांच्या हातात दिला, बोटे कपाच्या कानाला नीट लागली ना ते पाहिले आणि विचारले, “काय चाललंय दोघांचं?”

“याचा पेपर तपासतोय.”

“किती दिले?”

“अर्धा.”

“द्या की एक. लांबून येतो.”

“तू मध्ये पडू नको. आणि लांबून कुठला? नदीपलीकडच्या देवपुरातून येतो.”

यानंतर मला हलके वाटायला हवे होते, असे अशा लिखाणात सांगण्याची रीत आहे. मला तसे वाटले नाही. आजवर मला वाटत होते की मी एका बढाईखोर माणसाचे खरे बोलणे ओळखले नाही. आता कळले ते असे, की तो माणूस सगळा वेळ मला समजेल अशा भाषेत बोलत होता. एकदाच, घाबरल्यामुळे, तो स्वतःच्या भाषेत बोलला आणि ती भाषा मला येत नव्हती.

गेल्या महिन्यातली गोष्ट. आठवड्यातला मधला वार होता, मी वर्गावर होतो. फोन थरथरला. सरांचा. वर्गात मी फोन घेत नाही, तो घेतला.

“मोकळा असशील तर ये,” सर म्हणाले. “घाई काही नाही.”

मी फळ्यावरचे समीकरण अर्धे सोडले, शेजारच्या तरुण सहकाऱ्याला वर्गाकडे बघायला सांगितले आणि स्कूटर काढली. पुलावर येईपर्यंत मी त्या ‘घाई काही नाही’ला दहाने गुणले होते, मग शंभराने. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला डॉक्टर या वेळी असतो का, रुग्णवाहिकेचा नंबर फोनमध्ये आहे का, काकू घरी असतील ना. दोन सिग्नल मी पाहिलेच नाहीत. घरापाशी स्कूटर स्टँडवर न लावताच भिंतीला टेकवली.

दार उघडे होते. आतून धूर येत होता.

सर ओट्यावर नेहमीच्या खुर्चीत बसले होते. माझ्या धापेवरून त्यांनी मला ओळखले.

“इतली घाई कसाले?” ते म्हणाले. “म्हटलं होतं ना, घाई नाही.”

“म्हणूनच,” मी म्हणालो.

आतून काकूंचा आवाज आला. “पहूरहून भाऊ आला होता, वांगी टाकून गेला. हे म्हणाले, त्याला बोलवू. मी म्हटलं, कामाच्या दिवशी कशाला? ऐकतात कुठे.” शेगडीवर वांगी भाजून झाली होती आणि काकू ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळत होत्या.

“हिचं भरीत,” सर म्हणाले, “असं झालंय, की वासावर पांझरेपलीकडच्या लोकांनी घरी पाट मांडले. आग्र्याकडे निघालेले दोन ट्रकवाले रस्ता सोडून आत आले, आत्ताच परत पाठवले. बठ्ठं खरं शे, भाऊ. चाल, जेवी ले.”

मी हात धुतले. पाणी घेताना तांब्या मोरीच्या दगडी कडेवर दोनदा वाजला. सरांनी मान उजवीकडे वळवून तो आवाज ऐकला. आम्ही पानावर बसलो. काकू पातेले घेऊन माझ्यापुढे आल्या. “किती वाढू?”

“थोडं,” मी म्हणालो.

“त्याला भरपूर वाढ,” सर काकूंना म्हणाले. “घाबरलाय तो.”